लिंबावरचा खैऱ्या जातच नाही? पंप उचलायच्या आधी हे तपासून बघा

पावसाळा लागला की आमच्या श्रीगोंद्याच्या पट्ट्यात फोन सुरू होतात, दादा तीन फवारण्या झाल्या, हजारो रुपये गेले, पण डाग काही जाईनात. माझी स्वतःची कागदी लिंबाची चारशेच्या आसपास झाडं आहेत आणि हा खैऱ्या, म्हणजे पानाफळांवर खरखरीत डाग पाडणारा रोग, मी माझ्या बागेत, मेव्हण्याच्या बागेत, शेजारच्या गावात एवढ्या वेळा निस्तरलाय की आता फोनवरच पहिले चार प्रश्न ठरलेत. मी कृषी पदवीधर वगैरे नाही, चुका करून शिकलेला माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण निम्मा पैसा इथंच वाया जातो. पानावर, फळावर पडलेला डाग कशानंही जात नाही. कुठलंही औषध मारा, तो डाग पान गळेपर्यंत तसाच राहणार. फवारणी असते ती अजून डाग न पडलेली नवी पालवी आणि बारीक फळं वाचवायला. हे मला कळायला दोन पावसाळे गेले, मी दर आठ दिवसांनी मारायचो, जुनीच पानं बघायचो आणि औषध बोगस आहे म्हणून दुकानदाराशी भांडायचो. औषध कदाचित ठीक असेल, मी बघत चुकीचं होतो.

लक्षणं काय दिसतात

कोवळ्या पानावर आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका येतो, तेल लागल्यासारखा. थोड्या दिवसांनी तो फुगतो, तपकिरी होतो, मधे फुटून खरखरीत होतो आणि भोवती पिवळं कडं धरतो. डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेला असतो. काडीवर, अगदी काट्यावर सुद्धा येतो, आणि काडीवरचा डाग लोक बघतच नाहीत. फळावर बुचासारखे खडबडीत फोड येतात, मधे खळगा पडलेला, तिथं पिवळं कडं बहुतेक वेळा दिसत नाही. आतला रस चांगलाच असतो हो, पण मार्केटला गोणी ओतली की ते कोण बघतंय, डागी माल म्हणून भाव निम्म्यावर. जास्त झाला तर पानगळ, फळगळ आणि शेंड्याकडून काड्या वाळणं.

हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे, झॅन्थोमोनास नावाचा. म्हणून साधं बुरशीनाशक मारून काही होत नाही, आणि "भारीतलं बुरशीनाशक दिलंय" असं कोणी म्हणालं तर तांबं (कॉपर) आहे का त्यात एवढंच विचारा.

१. खैऱ्याच आहे का? (खर्च शून्य)

डोळे मिटून पानावर बोट फिरवा. खरखर दोन्ही बाजूंनी लागली आणि उजेडाकडं धरल्यावर पिवळं कडं दिसलं तर खैऱ्या धरा. एकाच बाजूला फोड आणि मागच्या बाजूला खळगा, पान वेडंवाकडं झालेलं, कडं नाही, तर ते स्कॅब असू शकतं, ती बुरशी आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पण बोटाला गुळगुळीत, तर जस्ताची वगैरे कमतरता. फळाच्या फक्त एकाच बाजूला व्रण असतील आणि मागच्या महिन्यात गारा पडल्या असतील तर गारांचा मार आहे, खैऱ्या नाही (पण त्या जखमेतून तो येऊ शकतो, ते खाली सांगतो).

एकाने मला फोटो पाठवला होता, खैऱ्या म्हणून दोन वेळा तांबं मारलेलं, बघितलं तर नुसती जस्ताची कमतरता. दोन्ही फवारण्या फुकट गेल्या.

२. डाग जुने की नवे? (खर्च एका दोऱ्याचा)

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. बागेत वेगवेगळ्या कोपऱ्यात पाच झाडं धरा, प्रत्येक झाडावर नुकत्या फुटलेल्या, एकही डाग नसलेल्या दहा शेंड्यांना लाल दोरा बांधा. तारीख लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी फक्त त्या पन्नास शेंड्यांकडं बघा, बाकी बाग बघूच नका.

कारण असं, की उबदार दमट हवेत लागण झाल्यापासून डाग दिसायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. म्हणजे आज जे दिसतंय ते मागच्या आठवड्यातल्या पावसाचं आहे, काल मारलेल्या फवारणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोरेवाले शेंडे स्वच्छ राहिले तर तुमचं काम बरोबर चाललंय, बाग कितीही डागाळलेली दिसू दे. तिथं डाग आले तरच पुढं कुठं चुकतंय ते शोधायचं.

३. बागेत कुठल्या बाजूला जास्त आहे

बांधावरून एक चक्कर मारा. आमच्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि माझ्या बागेत कायम त्याच बाजूच्या तीन ओळी आधी डागाळतात. तुमच्याकडं एकाच बाजूला जास्त असेल तर वाऱ्याचा मामला आहे. एखाद्याच झाडाभोवती गोल पसरला असेल तर ते झाड घर आहे त्याचं, नीट बघा, आत जुन्या काड्यांवर डाग सापडतील. सगळीकडं सारखा असेल आणि बाग दोन-तीन वर्षांची असेल तर बहुतेक रोपांबरोबरच आलाय, नर्सरीतूनच. रोपं घेताना पानं उलटी करून बघा आणि एका रोपावर जरी दिसला तरी ती खेपच घेऊ नका, डागी पानं तोडून रोप विकणारे पण आहेत, तेव्हा काडी पण बघा.

४. ओल्या बागेत कोण फिरतंय?

पानं ओली असली की त्या डागातून जिवाणू पाण्यात बाहेर येतात, मग हात, कपडे, कात्री, तोड्याची आकडी, ट्रॅक्टर, जे घासेल ते पसरवतं. सकाळी दव असताना तोडा चालू करायचा नाही, मजूर आठला आले तरी पानं सुकेपर्यंत दुसरं काम द्या. डागी झाडं शेवटी तोडायची. ठिबक असेल तर उत्तम, पण पानांवर पाणी उडवणारे स्प्रिंकलर असतील तर आपणच रोज पाऊस पाडतोय असं समजा. आणि युरिया. पावसाळ्यात युरिया ओतला की लुसलुशीत पालवी एकामागोमाग येत राहते आणि खैऱ्याला तेच पाहिजे असतं, पूर्ण निबर झालेल्या पानाला तो सहसा नव्यानं लागत नाही. खत बंद करा असं म्हणत नाही, वाटून द्या आणि ऐन झडीत नको.

५. सल (वाळलेल्या काड्या) आणि डागी काड्या काढणं (खर्च मजुरीचा)

खाली पडलेल्या पानांची लोक जास्त काळजी करतात. जमिनीवर, मातीत हा जिवाणू फार टिकत नाही, टिकतो तो झाडावरच्या डागी काडीत, आणि तिथं तो वर्षानुवर्षं राहतो. दरवर्षी परत येतो तो इथून. म्हणून उन्हाळी तोडा संपला की, पावसाच्या आधी, कोरड्या हवेत, सल आणि डाग असलेल्या काड्या डागाच्या खाली दोन-तीन इंच चांगल्या लाकडात कापा, त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर ढीग लावून "नंतर बघू" करू नका. कात्री दर झाडाला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, कंटाळा येतो पण पुसा. मोठ्या कापांना दहा टक्क्याची बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

इथं माझं मत जरा वेगळं आहे. काही जण मे महिन्यात जोरात छाटणी करतात, झाड मोकळं होतं, दिसायला छान. पण मग जूनमध्ये पाऊस आणि सगळ्या झाडाला एकदम कोवळी फूट, दोन्ही एकाच वेळी. मी फक्त डागी आणि वाळलेलं काढतो, आकार द्यायची हौस पावसाळ्यानंतर भागवतो. पाऊस चालू असताना तर कात्री लावायचीच नाही.

६. नागअळी

पानावर चांदीसारख्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात ना, ती नागअळी. ती पानाचा पापुद्रा पोखरते आणि खैऱ्याला उघडं दार मिळतं, तुम्ही नीट बघितलं तर डाग त्या रेषेच्या बाजूनंच माळेसारखे आलेले दिसतील. तसे दिसले तर नुसतं तांबं मारून उपयोग नाही. पालवी इंचभर आली की पाच टक्के निंबोळी अर्क, आठ-दहा दिवसांनी परत. त्यानं आटोक्यात येत नसेल तरच कीटकनाशक, आणि ते लेबलवर लिंबाचं नाव आहे का बघून. पान मोठं झाल्यावर, रेषा सगळ्या पडून गेल्यावर मारणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं.

७. आता फवारणी

मुख्य हत्यार तांबंच. दोन पर्याय, कॉपर ऑक्सिक्लोराइड दहा लिटरला ३० ग्रॅम, नाहीतर एक टक्का बोर्डो मिश्रण. बोर्डो स्वस्त पडतं आणि पावसात जास्त टिकतं, पण करायला किचकट. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पन्नास-पन्नास लिटरात, चुना आधी थोड्या पाण्यात विरवून (उकळी फुटते, डोळे सांभाळा), थंड झाल्यावर कापडानं गाळून, मग दोन्ही एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतत काठीनं ढवळायचं. रंग आकाशासारखा निळा यायला हवा. त्यात घासून स्वच्छ केलेला खिळा किंवा विळा मिनिटभर धरा, तांबूस थर चढला तर मोकळं तांबं जास्त आहे, अजून चुन्याची निवळी घाला, नाहीतर कोवळं पान करपतं. लोखंडी ड्रम नको. त्याच दिवशी संपवायचं. आणि त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. मी एकदा मजुरी वाचवायला बोर्डोमध्येच कीटकनाशक ओतलं, ड्रममध्ये दह्यासारखं फुटलं, नोझल चोंदले, दोनशे लिटर ओतून द्यावं लागलं आणि मजुरी दोनदा गेली ती वेगळीच.

फवारणी करून पण फेल जाते त्याची कारणं मी बघितलीत ती साधारण अशी. पानाच्या खालच्या बाजूला पोचलेलं नसतं, जिवाणू आत शिरतो तो पानाच्या छिद्रांतून आणि ती छिद्रं खालच्या बाजूला जास्त असतात. गन हातात घेऊन वरून पावसासारखं मारणारे लई आहेत, गन झाडाच्या आत घालून खालून वर मारा. दुसरं, पावसानंतर मारलेलं असतं. तांबं पानाच्या आत जात नाही, वर थर धरून बसतं, म्हणून जिवाणू यायच्या आधी तो थर पाहिजे. तिसरं, मधे पालवी फुटलेली असते. पंधरा दिवसांपूर्वीची फवारणी चांगली होती पण तेव्हा जी पानं जन्मलीच नव्हती त्यांच्यावर थर कुठून असणार?

फळांचं पण तसंच. पाकळ्या गळाल्यापासून पहिले तीन-चार महिने फळ नाजूक असतं, आणि ते फुगत जाईल तसा वरचा थर फाटत जातो, म्हणून त्या काळात पावसाप्रमाणे पंधरा ते एकवीस दिवसांनी परत.

स्ट्रेप्टोसायक्लीनचं काय, हा प्रश्न येणारच. जुन्या शिफारशीत दहा लिटरला एक ग्रॅम असायचंच, मी पण वापरलंय. पण ते माणसांच्या औषधातलं अँटिबायोटिक आहे, सारखं मारलं की जिवाणू त्याला सरावतो, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं शेतीतला त्याचा वापर बंद करण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला. मी सोडून दिलं. तुम्हाला कोणी पुडी हातात देत असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात आजचा नियम काय आहे तो विचारा, दुकानात नाही.

हवामान बघून काय बदलायचं

कॅलेंडर बघून फवारणी करणं सोडा, हे मी ओरडून सांगतो. या रोगाला तीन गोष्टी एकत्र लागतात, कोवळी पालवी किंवा बारीक फळ, ओलं पान, आणि वीस ते तीस अंशांच्या आसपासची हवा. वर जोराचा वारा असला तर विचारूच नका. वाऱ्यानं पाणी छिद्रात दाबलं जातं आणि आपल्या कागदी लिंबाला तर काटे, झाड स्वतःच स्वतःची पानं आणि फळं ओरबाडून घेतं. वारा काय करू शकतो बघा, अमेरिकेत फ्लोरिडात सरकारनं हा रोग संपवायचा म्हणून एका रोगट झाडाभोवती १९०० फुटातली सगळी लिंबूवर्गीय झाडं तोडायचा नियम केला होता, लोकांच्या परसातली सुद्धा. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका लांब उडवला की २००६ मध्ये तो कार्यक्रमच गुंडाळावा लागला. तेव्हा शेजाऱ्याच्या बागेतून येतो म्हणून भांडण काढण्यात अर्थ नाही, दोघांनी एकाच आठवड्यात फवारा.

मे अखेर ते जून, वळवाचा पाऊस: वारा जोरात, काट्यांचे ओरखडे, आणि लगेच पालवी. सल काढून झाली की एक फवारणी आणि मान्सूनच्या आधी, पालवी दिसायला लागली की दुसरी. या दोन चुकल्या की पुढचं वर्ष पळापळीत जातं.

जुलै-ऑगस्टची झड: उघडीप मिळेल तेव्हाच, पान सुकलेलं आणि पुढं निदान चार-सहा तास पाऊस नाही असं बघून. मोबाईलवरचा अंदाज बघा पण आभाळ पण बघा. पंधरा दिवसांत धो धो झाला तर थर धुऊन गेला समजा आणि वाट न बघता परत मारा. मृग बहार (जून-जुलैची फुलं) धरला असेल तर बारीक फळं याच काळात असतात म्हणून त्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं.

ऑक्टोबरचं ऊन: कोरडं असलं की रोग आपोआप मंदावतो, उगाच मारू नका. तांबं मातीत साठत जातं, ते कुठं जात नाही. दुपारी पस्तीसच्या वर गेलं तर फवारणी टाळा, कोवळं पान भाजतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. फूल पूर्ण उमललेलं असताना पण नको, मधमाश्या असतात.

नोव्हेंबर-डिसेंबर, अवकाळी: हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) धरणाऱ्यांचा घात इथं होतो. कोरडी हवा म्हणून माणूस निवांत असतो, फळं गोटीएवढी, आणि दोन दिवस ढगाळ होऊन पाऊस पडतो. अंदाज आला की पडायच्या आधी एक फवारणी. नुसतं दव आणि कडक थंडी असेल तर रोग हळू चालतो, तेव्हा दोरेवाले शेंडे बघत राहा, घाई नाही.

गारपीट: पाने सुकली की लगेच, शक्यतो चोवीस तासांच्या आत तांबं. जखमा ताज्या असतात. मोडलेल्या फांद्या मात्र चार दिवस कोरडं झाल्यावर कापा.

८. खर्चिक आणि वेळखाऊ

वरचं सगळं दोन हंगाम नीट केलं आणि तरी पश्चिमेच्या ओळी डागाळतातच, तर वाऱ्याला आडोसा लावा. शेवरी पटकन वाढते, सुरूचं झाड कायमचं. माझ्याकडं शेवरी लावल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात फरक दिसला, त्या आधी नुसती जागा गेली म्हणून घरातून बोलणी खाल्ली.

बहार बदलणं हा पण उपाय आहे. हस्त बहाराची फळं कोरड्या थंड हवेत वाढतात आणि उन्हाळ्यात भावही मिळतो. पण त्यासाठी ताण द्यावा लागतो, म्हणजे झाडाचं पाणी तोडावं लागतं, पावसाळ्यातच, भारी काळ्या जमिनीत ते जमत नाही, तेव्हा जमीन बघून ठरवा.

नवी लागवड करणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई सरबती बघा, ते खैऱ्याला सहनशील आहे. सहनशील म्हणजे येतच नाही असं नाही, कमी येतो. नागपुरी संत्र्याला हा रोग कमी त्रास देतो म्हणून विदर्भातले मित्र आम्हाला हसतात, पण त्यांच्याही बांधावर दोन कागदी लिंबं असतातच, ती बघा म्हणावं.

कुठं थांबायचं आणि माणूस बोलवायचा

दोरे बांधून, पालवीवर, खालून वर अशा दोन फवारण्या बरोबर झाल्या आणि तरी त्याच शेंड्यांवर नवे डाग आले तर तिसरी मारू नका. निदान तरी चुकलंय नाहीतर काहीतरी वेगळं चाललंय, ते आपल्या डोळ्यांनी कळणारं नाही.

पान गुळगुळीत पण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पिवळे-हिरवे पट्टे, डावीकडं एक आणि उजवीकडं वेगळंच, फळं लहान, वाकडी, शेंडे वाळतायत, तर ते ग्रीनिंग असू शकतं. ते सायला किडीतून पसरतं, झाडाच्या आत असतं आणि वरून तांबं मारून त्याला काही होत नाही. तिथं घरगुती प्रयोग करू नका, झाड काढायचं का ठेवायचं हे तपासणी करूनच ठरवायचं. खोडातून डिंक गळतोय आणि साल कुजतेय तर तो पण वेगळा रोग आहे, मुळाकडचा. आणि जाड फांद्यांवर डागांनी पूर्ण वेढा घातलाय, निम्मं झाड वाळलंय, तर किती कापायचं हे कोणाला तरी झाड दाखवून ठरवा. फवारताना कोणाला चक्कर, मळमळ, डोळ्यात औषध गेलं तर डोळे भरपूर पाण्यानं धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात, ताक वगैरे पाजत बसू नका.

दाखवायचं कुठं, तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर राहुरीला किंवा अकोल्याला विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग, विदर्भातल्यांना नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ. नेताना जुनं वाळकं पान नेऊ नका, नवे डाग असलेली आठ-दहा पानं काडीसकट, एखादं फळ, आणि वेगळ्या पाकिटात दोन चांगली पानं. पानं पुसून कोरडी करून वर्तमानपत्रात गुंडाळा, ओली प्लास्टिकमध्ये घातली की पोचेपर्यंत कुजतात. कधी काय फवारलं त्याच्या तारखांचा कागद बरोबर ठेवा, आणि ती पिशवी घेऊन वाटेत दुसऱ्याच्या लिंबाच्या बागेत चहाला थांबू नका.